मागच्या खुर्चीतली साथ

दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घेणारी माणसं पुष्कळ असतात. दुसऱ्याच्या तोंडात घास नीट चावला जावा म्हणून दिवसभर खपणारा आमच्या ओळखीत एकच होता, आणि त्याला सगळे बत्तिशी म्हणत. तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर त्याच्याकडे ठसे पाठवायचे. कुणाच्या दातांचे, कुणाच्या नुसत्याच हिरड्यांचे. त्यात प्लॅस्टर ओतून तो आधी जबडा तयार करायचा आणि मग त्या जबड्यावर मेण, त्या मेणात एकेक दात, असं घर बांधावं तसं तोंड बांधायचा. एका इमारतीच्या तळघरात त्याचं काम चालायचं. तीन भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तोंडं पांढऱ्या प्लॅस्टरमध्ये आ वासून बसलेली असायची. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबके. बत्तिशी आतून ओरडायचा, "या, या! चावत नाहीत. चावता येत असतं तर इथे कशाला आले असते?"

स्वतः मात्र तो तोंड मिटून हसायचा. लग्नाचं जमलं नव्हतं. मुली त्याच्या तोंडाकडे बघत आणि हा त्यांच्या दातांकडे. एकीला त्याने पहिल्याच भेटीत "तुमची अक्कलदाढ तिरकी येणार आहे" असं सांगितलं होतं. दाढ खरोखरच तिरकी आली, पण तोवर ती दुसऱ्या घरी नांदत होती.

अशा ह्या माणसाला एका गोष्टीची भीती वाटायची. एकटं राहण्याची. अंधाराची नाही, भुताखेतांचीही नाही. भुतं असती तर निदान सोबत तरी झाली असती, असं तो म्हणे. रिकाम्या घरात त्याला बसवतच नसे. लहानपणी घरात इतकी माणसं होती की कूस बदलायची तर शेजारच्याला विचारावं लागे. मग कुणी नोकरीला गेलं, कुणी सासरी, कुणी कायमचं. शेवटी थोरली बहीण तेवढी उरली. नवरा गेल्यावर ती परत आली होती. तिला सगळे ताई म्हणत, कारण ती सगळ्यांशी ताईसारखीच वागे. ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला एक रात्र दवाखान्यात ठेवलं होतं. ती रात्र बत्तिशीने बसस्टँडवर प्रवाशांमध्ये बसून काढली. "कुणाला घ्यायला आलात?" असं कुणी विचारलं की तो सांगायचा, "हो, गाडी लेट आहे."

पुढे ताईच्या लेकीला जुळं झालं आणि उन्हाळा संपला की ताईला तिच्याकडे कायमचं जाणं आलं.

"जमेल ना रे धाकट्या तुला?" ताईने विचारलं.

"न जमायला काय झालं?"

"बसस्टँडवर काय झालं होतं?"

ताईला सगळं ठाऊक असायचं, फक्त ती ते योग्य वेळी काढायची.

"तिकडे जिन्याखालची खोली आहे," ती म्हणाली. "थंडी पडेपर्यंत जावई ती मोकळी ठेवतील. नाहीच जमलं तर ये. पण काम बंद करून यावं लागेल. जबड्यांना जावयांनी सपशेल नकार दिलाय. तान्ह्या पोरांच्या घरात म्हाताऱ्यांची तोंडं नकोत म्हणतात."

म्हणजे सवाल असा होता : एकटं राहता आलं तर घर आणि धंदा दोन्ही राहतील. नाही आलं तर उरलेलं आयुष्य जिन्याखाली.

"घरात काहीतरी आवाज हवा," ताईने तोडगा काढला. "रेडिओ लाव."

"रेडिओ सगळ्यांशीच बोलतो, ताई. माझ्याशी बोलत नाही."

"मग काहीतरी वाजवायला शीक. संध्याकाळी हाताला चाळा नसतो म्हणून डोक्यात किडे वळवळतात."

---

संगीतशाळा पडद्यांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होती. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, आणि प्रत्येक दारामागे वेगळं वाद्य. बोळात उभं राहिलं की वाटणीच्या दिवशी सगळे नातेवाईक एकदम बोलतायत असं वाटे. काउंटरवर एक बाई स्वेटर विणत बसल्या होत्या.

"मुलाला काय शिकवायचंय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मुलगा नाही."

"मग मुलीला?"

"मीच शिकणार."

आता सुया थांबल्या. "वर्गात बसवू शकते. पण वर्गात सगळ्या सात-आठ वर्षांच्या मुली आहेत. तुम्हाला त्यांच्या खुर्च्या पुरायच्या नाहीत."

"एकट्याला शिकवत नाहीत का कुणी?"

"खाजगी तास असतात की. व्हायोलिनच्या बाईंकडे जागा आहे." त्यांनी पुन्हा सुया चालू केल्या. "त्यांच्याकडे कायमच असते."

"का बरं?"

"त्यांच्याकडे लवकर येतं म्हणतात. आलं की माणूस कशाला थांबतोय?" काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. हे कौतुक होतं की कसं, ते स्वेटरमध्येच राहिलं.

व्हायोलिनच्या बाईंची खोली बोळाच्या अगदी टोकाला होती. बाई वयस्कर, काटक, केस कानाच्या वर कापलेले. पायात कापडी तळाच्या सपाता. त्या चालल्या तरी चाहूल लागत नसे. खोलीच्या एकुलत्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, दुसरं काही नाही. आत दोन खुर्च्या होत्या. समोरासमोर नव्हत्या, शेजारी शेजारीही नव्हत्या. बसमध्ये असतात तशा एकीमागे एक होत्या.

"तुम्ही पुढे बसायचं, भिंतीकडे तोंड करून," बाई म्हणाल्या. "मी मागे. वाजवताना मागे बघायचं नाही."

"का?"

"बघून वाजवणारे ढिगाने आहेत. तुम्ही ऐकून वाजवा."

मग त्यांनी शिकवायची रीत सांगितली. त्यांचा सगळा धंदा त्या रीतीवर चालायचा. शिकणाऱ्याच्या बरोबरीने त्या मागून तेच वाजवणार. पोहायला शिकवताना पोटाखाली हात धरतात, तसं. मग हळूहळू आवाज कमी करत नेणार, आणि एक दिवस वाजवता वाजवता उठून खोलीबाहेर जाणार. "तुमच्या लक्षात आलं नाही," त्या म्हणाल्या, "तर समजायचं तुम्हाला येतंय."

बत्तिशीने हे ऐकलं ते डॉक्टरने रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. "कधी जाणार ते सांगाल ना?"

"सांगितलं तर तुम्ही वाजवणार नाही. कान मागे लावून बसाल."

"पण जाणार हे तर आत्ताच सांगितलंत."

"जायचं तर सगळ्यांनाच आहे. म्हणून कुणी जेवायचं थांबतं का? हं, गज धरा. चमचा नाही तो."

त्याच्या व्हायोलिनमधून निघालेला पहिला आवाज दाढेला यंत्र लावल्यासारखा होता. त्याला एकदम घरच्यासारखं वाटलं.

शाळेने वापरायला दिलेलं ते व्हायोलिन घेऊन तो उन्हाळाभर तासाला गेला. बाईंनी एकच साधी चाल धरली होती. पायी चालल्यासारखी, चार ओळींची. फक्त तिसऱ्या ओळीत एक वळण होतं, आणि तिथे तिसरं बोट पुढे सरकवावं लागे. मागून बाईंचं व्हायोलिन सुरू झालं की त्याची बोटं आपोआप जागेवर पडत. घरी स्वयंपाकघरात ताई असेल तर जरा बरं वाजे. ती भाजी आणायला गेली की गज तारांवरून घसरू लागे. तो तालावर लक्ष देत नसे. त्याचं सगळं लक्ष मानेच्या मागे असे, आणि बाईंना ते कळत होतं, कारण बाई जात नव्हत्या.

एके दिवशी दुपारी मात्र त्या गेल्या.

ते असं झालं. चाल चालू होती. मागचा आवाज बारीक होत गेला, इतका की त्याच्या मानेवर काटा आला. मग तो आवाज पुन्हा भरला. पूर्वीइतका नाही, पण होता. बत्तिशीचा जीव भांड्यात पडला. त्याने चाल पुरी केली, पुन्हा पहिल्यापासून घेतली. मागचा आवाज केसभर उशिरा येत होता. तिसऱ्या ओळीच्या वळणावर तर तो थबकायचा, आधी कुणीतरी पुढे जावं म्हणून थांबल्यासारखा, आणि मग घाईने येऊन मिळायचा. बाई दमल्या असतील, असं त्याला वाटलं. चाल संपवून गज खाली घेतला आणि "आज पुरे करू या का?" असं म्हणत तो वळला.

मागची खुर्ची रिकामी होती. दार बंद होतं.

त्याने दार उघडलं. बोळाच्या दुसऱ्या टोकाला, काउंटरपाशी, बाई बाकावर बसल्या होत्या. हातात चहाचा कप, निम्मा संपलेला, उरलेल्यावर साय धरलेली.

"तुम्ही आत्ता उठलात?"

"छे. पहिल्या फेरीलाच."

"मग मागून कोण वाजवत होतं?"

बाईंनी कप बाकावर ठेवला. "मला वाटलं तुम्ही दोन तारा एकदम धरताय. ते अजून शिकवलेलं नाही, म्हणून मला रागच आला होता."

दोघंही खोलीत परत गेली. बाई दारापाशी उभ्या राहिल्या, त्याला दिसतील अशा, आणि म्हणाल्या, "वाजवा." त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि पहिला सूर लावला. मागून, केसभर उशिरा, दुसरा सूर लागला. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. बाईंचे दोन्ही हात मोकळे होते. त्या खुर्चीकडे बघत होत्या. परीक्षेला बसलेल्या मुलाकडे बघावं तशी मान तिरकी करून.

चाल संपली. बाई म्हणाल्या, "कच्चा हात आहे. वळणावर मागे पडतो. माझा हात असा मागे पडत नाही."

"बाई, हात कुणाचा आहे?"

"काय सांगू? इतक्या वर्षांत मी या खोलीत किती जणांना सोडून बाहेर गेले. एखाद्याच्या अजून लक्षात आलं नसेल."

"काय लक्षात आलं नसेल?"

"की मी गेले." त्यांनी खुर्चीवरची उशी उचलली, झटकली, परत ठेवली. "पुढची खुर्ची तुम्ही घेतलीत, म्हणून तो मागे बसला असेल. पुढच्या तासाला नवा धडा."

शहाणा माणूस असता तर व्हायोलिन काउंटरवर ठेवून जिना उतरला असता आणि पुन्हा त्या रस्त्याला फिरकला नसता. बत्तिशी घरी पोचेपर्यंत गुणगुणत होता. वाटेत एका दुकानाच्या काचेत त्याने स्वतःला पाहिलं. तो दात दाखवून हसत होता.

घरी गेल्यावर आपल्या खुर्चीच्या मागे त्याने आणखी एक खुर्ची मांडली.

---

ताई सामान भरत होती. त्याची चाल वाजवून झाल्यावर ती हात पुसत दारात आली. "आज दोन व्हायोलिनं वाजत होती का रे?"

"हं."

"बाई घरी यायला लागल्या? सांगायचं नाही का, चहा टाकला असता."

"त्या चहा घेत नाहीत."

"गेल्या कधी? दिसल्या पण नाहीत."

"लाजतात जरा."

ताईने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि थोरल्या बहिणी अशा वेळी जो अर्थ काढतात तो काढला. "असू दे. पन्नाशी उलटल्यावर का होईना," ती म्हणाली आणि बॅगेत घातलेली बत्तिशीची काळजी बाहेर काढून ठेवून निवांत मनाने लेकीकडे गेली.

ताई गेली त्या संध्याकाळी तो घरी आला, दार लावलं आणि थेट व्हायोलिन काढलं. सूर लावला. मागून सूर आला. त्याने श्वास सोडला. त्या क्षणापासून ते घर रिकामं राहिलं नाही, असं तो म्हणायचा. जेवायला बसला की मागची खुर्ची गप्प असे, पण गप्प असलेली खुर्ची वेगळी आणि रिकामी खुर्ची वेगळी. हा फरक ज्याला कळत नाही त्याने कधी कुणाबरोबर मुकाट्याने जेवून पाहिलेलं नाही. त्याला झोप लागू लागली. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात गाठून सांगितलं, "तुम्ही दोघं छान वाजवता हो. एकच तक्रार. तेच तेच किती वाजवाल?"

तेच तेच वाजवायला कारण होतं. बाईंनी दिलेला नवा धडा शाळेतल्या खोलीत त्याला बरा जमे. आता तिथल्या मागच्या खुर्चीतून बाईंखेरीज कुणाचा सूर येत नसे. ("घरी घेऊन गेलात वाटतं," बाई म्हणाल्या होत्या, छत्रीबद्दल बोलावं तशा.) पण घरी नवा धडा काढला की मागे काहीतरी चाचपडू लागे. एखादा अर्धामुर्धा सूर, तो चुकीचा, मग लगेच दाबलेला. मग नुसताच गज तारेवर थरथरत ठेवल्याचा आवाज. काळोख्या जिन्यात भिंत धरून कुणीतरी उतरतंय आणि "थांबा हो" म्हणायची त्याला चोरी आहे, असं काहीसं. बत्तिशीला ते ऐकवत नसे. तो जुन्या चालीवर परत येई आणि मागचा आवाज धावत येऊन त्याला चिकटे.

आपण होऊन तो कधीच सुरुवात करत नसे. बत्तिशीने मध्येच थांबून पाहिलं होतं. तोही थांबे, केसभर उशिरा.

हा उशीर घरातच राहिला असता तर हरकत नव्हती. एका सकाळी नेहमीचे डॉक्टर स्वतः तळघरात उतरले. हातात कागदी पिशवी, पिशवीत कवळी.

"हे काय करून ठेवलंय?" ते म्हणाले. "बरोबर दिसते, बसते पण बरोबर. पण आजी म्हणतात, मी चावलं की मागून आणखी कुणीतरी चावतं."

बत्तिशीने कवळी तपासायच्या चौकटीत बसवली आणि मिटली. टक्. मग, अगदी हलकेच, पुन्हा टक्. एका बाजूच्या दाढा आधी लागत होत्या, दुसऱ्या केसभर मागून. त्याने फळीवरच्या तयार जोड्या एकेक उतरवून पाहिल्या. गेल्या काही आठवड्यांत केलेली प्रत्येक जोडी तशीच वाजली. टक्... टक्. सगळ्या फळ्यांवरून प्लॅस्टरची तोंडं आ वासून बघत होती. डॉक्टर पायरीवर सरकले होते.

"विश्रांती घ्या जरा," ते म्हणाले, "किंवा संगत बदला." ते हे नुसतं बोलायचं म्हणून बोलले होते.

त्या आठवड्यात ताईचा फोन आला. "थंडी पडायला लागली रे. जावई खोलीचं विचारतायत. त्यांना तिथे पोरांचे पाळणे ठेवायचेत. येतोस की राहतोस?"

"रविवारी सांगतो."

"आणि बाई कशा आहेत?"

"आहेत."

शाळेत बाईंनी गज खाली ठेवला. "तुम्ही पुढे सरकत नाही. असंच चालणार असेल तर माझ्याकडे येऊ नका. मी माणसांना पुढे ढकलते, धरून ठेवत नाही."

"मी सरकलो तर तो मागे राहतो."

"मग राहू दे."

"त्याला कुणी नाही, बाई."

"आणि तुम्हाला?"

बत्तिशी भिंतीकडे बघत राहिला. मग बाई बोलल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात मास्तरकी नव्हती. "चूक माझी आहे. माझ्या रीतीत ही चूक होऊ शकते, हे मला माहीत होतं. कुणी वाजवतोय की नुसता मागून येतोय, हे कधी कधी पाठमोऱ्या माणसाचं कळत नाही. मला वाटलं असेल, येतंय याला. आणि गेले चहाला."

"मग तुम्ही या घरी. तुम्हीच शिकवा."

"माझ्यासमोर तो आता एक सूर लावायचा नाही. रुसला असणार. आणि तुम्ही पुढे बसून त्याला काय शिकवणार? पुढे बसलेल्याच्या मागून यायला तर त्याला येतंच."

त्या संध्याकाळी तो घरी जुनी चाल वाजवत होता तेव्हा त्याला मध्येच शिंक आली. गज थांबला. मागचाही थांबला. शिंक येऊन गेली तरी बत्तिशीने पुन्हा सुरुवात केली नाही. मागे कुणीतरी वाट बघत होतं. श्वास रोखून, हालचाल न करता, कुणी विचारलंच तर "गाडी लेट आहे" असं सांगायच्या तयारीने. असं वाट बघणं त्याने दुरूनही ओळखलं असतं. एकदा सबंध रात्र त्याने तेच केलं होतं.

तो व्हायोलिन घेऊनच उठला, आणि पुढची खुर्ची रिकामी सोडून मागच्या खुर्चीत जाऊन बसला.

बसताना तो आधी जरा थांबला. कुणाच्या मांडीवर बसू नये म्हणून.

समोर आता रिकामी खुर्ची होती, तिच्यापलीकडे खिडकी आणि मावळतं ऊन. त्याने चाल सुरू केली. एकटाच. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीच्या आधी पुढून सूर आला. बसलेल्या माणसाची हनुवटी जिथे असते, बरोबर त्या उंचीवरून. खुर्चीत ऊन पडलं होतं आणि उन्हात धूळ तरंगत होती. त्या धुळीतला एक पट्टा गजाबरोबर मागेपुढे होत होता.

तो रोज मागे बसू लागला. बाईंनी त्याच्यासाठी केलं होतं ते सगळं तो करू लागला. आधी बरोबरीने. मग बारीक. वळणापाशी तो मुद्दाम अर्धा सूर गप्प राही. पहिल्यांदा तो गप्प राहिला तेव्हा पुढचाही थांबला, आणि त्या थांबण्यात घर असं गार पडलं की त्याच्या बोटांची नखं निळी झाली. पण तो गप्पच राहिला. शेवटी पुढून बोट सरकलं. चुकीच्या जागी. "पुन्हा," तो हळूच म्हणाला. त्या घरात किती तरी दिवसांनी कुणी समोरच्याशी बोललं होतं.

रविवारी सकाळी त्याने तळघरातल्या यंत्राचं तेल आणून खोलीच्या दाराच्या बिजागऱ्यांना घातलं. चपला बाहेर काढल्या. दुपारी दोघंही बसले. पहिल्या फेरीत तो निम्म्या आवाजात होता. दुसऱ्या फेरीत गज तारेला जेमतेम टेकत होता. तिसऱ्या फेरीच्या पहिल्याच ओळीत त्याने गज उचलला, व्हायोलिन हळूच जमिनीवर ठेवलं, आणि उठला. दारापर्यंत पाठ न वळवता उलटा गेला. पुढची खुर्ची वाजवत होती. दार आवाज न करता उघडलं आणि आवाज न करता मिटलं.

स्वयंपाकघरात ओट्याला धरून तो उभा राहिला. चहा टाकायला हवा होता, रीतीप्रमाणे. पण काडी ओढली तर ऐकू जाईल म्हणून त्याने टाकला नाही. आत दुसरी ओळ संपली. तिसरी सुरू झाली. वळण आलं. बत्तिशीचं तिसरं बोट ओट्यावर आपोआप पुढे सरकलं, आणि आतलंही सरकलं, त्याच क्षणी, केसभरही उशीर न होता.

चाल संपली.

मग खुर्ची करकरली. बसल्या जागी मागे वळून बघणाऱ्या माणसाची करकरते तशी.

त्यानंतरची शांतता किती होती ते त्याला कधी सांगता आलं नाही. धावत आत जावं, "आहे, आहे मी" म्हणावं, असं त्याला अनेकदा वाटलं. त्याने दोन्ही हातांनी ओटा धरून ठेवला होता. शांततेत कुणीतरी एका रिकाम्या खुर्चीकडे बघत होतं, आणि ती रिकामी करणारा तो होता.

मग आतून पहिला सूर लागला. आपण होऊन. कुणाच्याही आधी.

चाल पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्या ओळीला ती खोलीत नव्हती. ती जिन्यात होती. तिसऱ्या ओळीला ती खाली रस्त्यावर होती, खिडक्या बंद असूनही स्पष्ट ऐकू येणारी. चौथी ओळ कोपऱ्यावरून आली. त्यापुढे गेली असेल तर तिथे ऐकायला दुसरं कुणीतरी असेल.

त्याने ताईला फोन लावला.

"राहतो मी इथे," तो म्हणाला.

"एकटा?"

"एकटा."

"म्हणजे? आणि बाई?"

"त्या कधी येतच नव्हत्या, ताई."

पलीकडे एक पोर रडत होतं. ताईने ते दुसऱ्या कुणाकडे तरी दिलं असावं, कारण रडणं लांब गेलं. "मग मी ऐकलं ते? दुसरं कोण वाजवत होतं?"

"एकजण शिकायला यायचा."

"मग?"

"झालं त्याचं शिकून."

तिला जे सगळं ठाऊक असायचं त्यात हे बसत नव्हतं. "बरं," ती शेवटी म्हणाली. "जावयांना सांगते, पाळणे ठेवा म्हणून. जेवत जा वेळेवर."

तो खोलीत गेला. दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. तो पुढच्या खुर्चीत बसला. ती कोमट लागेल अशी त्याला धास्ती होती. लागली नाही, आणि ते जास्त वाईट वाटलं. त्याने नवा धडा समोर ठेवला, गजाला राळ लावली आणि पहिला सूर काढला. सूर उतरला होता. मागून काहीच आलं नाही. आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या आवाजांत तो एकटा सूर त्याला सगळ्यात भयंकर वाटला, आणि तो त्याचाच होता. त्याने बोट जरासं पुढे घेतलं आणि तोच सूर पुन्हा लावला. मानेला गार लागत होतं, पण त्याने मागे पाहिलं नाही. धडा लांब होता, आणि ऊन खिडकीवरून उतरायच्या आत त्याला शेवटच्या ओळीपर्यंत पोचायचं होतं.